पाटावरचे कंडक्टर

लोणखेड्याच्या पाटाकाठी सभ्यपणा म्हणून जे काही शिल्लक आहे, ते एकट्या आमच्या शेजाऱ्यांमुळे. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त झाले, आणि उरलेली शिस्त त्यांनी राणी नावाच्या आपल्या गावठी कुत्रीला लावली. पाटाची वाट अरुंद. समोरून माणूस दिसला की हे राणीला कडेला बसवतात, तेही पाण्याकडे तोंड करून. का, तर भिणाऱ्याला आधी दात दिसतात, शेपूट नंतर! सगळे गेल्याशिवाय राणी उठत नाही. एकदा कॉलेजच्या मुलींचा घोळका फोटो काढत रेंगाळला, तर हे दोघे चांगला अर्धा तास पाण्याकडे बघत बसले होते. पिशवीत खुरपं ठेवतात, राणीने केलेली घाण जागच्या जागी पुरतात, आणि वर, "गाडी साफ ठेवाले पाहिजे," म्हणतात.

माझा शेरू मात्र मोकळा फिरायचा. "काही करत नाही हो तो," हे वाक्य मी इतक्यांदा बोललो की मलाच खरं वाटू लागलं होतं. एका सकाळी शहाद्याच्या बाजारात निघालेल्या भाजीवाल्या मावशीवर तो धावला. मावशी दचकून मागे सरली आणि डोक्यावरची मेथीची पाटी पाटात गेली. "कोन्हं कुत्रं शे हाई?" ती ओरडली. मी काय केलं? मीही इकडेतिकडे मालक शोधू लागलो. तेवढ्यात शेरू येऊन माझा हात चाटू लागला. मावशी माझ्याकडे नुसती बघून परत फिरली. ती नजर अजून जात नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती मोठ्या रस्त्याने जाऊ लागली. तो लांबचा, आणि त्यावरून उसाचे ट्रॅक्टर भरधाव जातात. माझ्यामुळे ती तिथे कडेकडेने चालायची. मला हे रोज दिसायचं, आणि रोज मी दुसरीकडे बघायचो. शेवटी कंडक्टरच दारात आले. "भाऊ, कुत्राले काय समजस? माणूसले समजाले पाहिजे. चाल."

रस्त्यावर तिला गाठून मी हात जोडले. तिने पाटी सावरली. "माफी ठीक शे रे भाऊ. पन मन्हा पायस्ले कोन समजाडी?"

तिचे पाय अजून पाटाच्या वाटेला भीत होते. कंडक्टर म्हणाले, "आम्ही दोन्ही उभा ऱ्हासूत, माय. तू ये ते खरी." मग रोज सकाळी आम्ही दोघे आपापली कुत्री दोरीने धरून, पाण्याकडे तोंड करून उभे. आठ दिवस ती आली नाही. नवव्या दिवशी ती आली, वाटेच्या पलीकडच्या कडेने, पदर दातात धरून.

आता कंडक्टरांचे गुडघे पार गेलेत. ते आणि राणी ओट्यावरच बसतात, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत. काल पाटावर मी आणि शेरूच होतो. चार पावलांवर मावशी थांबली.

"म्हातारा कोठे शे?"

मी सांगितलं. ती शेरूकडे बोट करून म्हणाली, "यान्हं नाव काय शे?"

मी नाव सांगितलं. तिने ते एकदा हळूच उच्चारून पाहिलं आणि माझ्याच बाजूने पुढे गेली.