हरणाबाईच्या हातांची भिंत

रोज सकाळी दवाखाना उघडला की दादासो आधी लोखंडी खोडा पटक्याच्या शेवाने पुसत आणि तळहातांनी चोळत. तपासायचं जनावर त्या खोड्यात उभं करायचं. गार लोखंड लागलं की ते बुजतं, असं ते सांगत. जत तालुक्यातल्या त्या जनावरांच्या दवाखान्यात शिपाई म्हणून त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली.

बायको हरणाबाई आणि ते मागच्या खोलीत राहत. स्वतःचं घर नव्हतं, म्हणून दरवर्षी बेंदराला, बैलांच्या सणाला, हरणाबाई दवाखान्याच्या आतल्या भिंतीवर तांबड्या कावेचा तळहात उमटवी. घरोघरी जुने हात दरवर्षीच्या चुन्याखाली जात. सरकारी भिंतीला चुना कधी लागलाच नाही, तिथं ते साठत गेले. मग ती वारली. तिचा फोटो एकच, आधार कार्डावरचा. तो दादासोंनाही ओळखू येत नसे.

त्यानंतर दोन वर्षांनी दवाखाना बंद करून इमारत पाडायचं ठरलं. दफ्तरासाठी फोटो काढायला सांगलीहून अंकिता आली. दादासोंनी तिला ती भिंत दाखवली, त्या फोटोची एक प्रत मागितली. पण उजेड उतरला होता. सकाळी खिडकीतून ऊन येईल तेव्हा काढू, असं सांगून ती जतला मुक्कामाला गेली. दादासोही फोटोसाठी बहिणीकडे ठेवलेली धुवट कापडं आणायला तिच्या गावी गेले.

सकाळी दोघं आले, तर भिंत पांढरीशुभ्र. फोटो निघणार हे कळल्यावर शेजारच्या वस्तीवरच्या मल्हारनं आणि इतर मेंढपाळांनी आदल्या संध्याकाळीच आतून-बाहेरून चुना मारला होता. त्यांची मेंढरं याच दवाखान्यानं जगवलेली. त्याला असा मळका कसा जाऊ द्यायचा?

“आवं दादा, भूतबंगला दिसत हुता,” मल्हार म्हणाला. “आता कसं लगीनघर वाटतंय.”



“लय ब्येस केलंसा गड्यांनो,” ते म्हणाले. अंकिता काही बोलणार होती. त्यांनी तिच्याकडे पाहून हळूच नकारार्थी मान हलवली.

पुढच्या चैत्रात दादासो गेले. अंकिताशी त्यांचं शेवटचं बोलणं त्याच सकाळचं. चुन्याखाली कुठं काव दिसते का, म्हणून ती भिंतीशी वाकून बघत होती.

“टेकू नगा ताई,” ते म्हणाले, “चुना वला हाय. कापडं खराब व्हतील.”