कॅमेऱ्यामागचा आदिनाथ

नागापूरच्या एमआयडीसीत आदिनाथ दरंदले आमच्या शेडमध्ये तयार माल तपासायचा. नगात केसाएवढा फरक असला तरी तो बाजूला काढायचा. मग मालक स्वतः येऊन उभा राहिला तरी पास करायचा नाही. मी तिथंच लेथवर होतो. रविवारी दुपारी छगनच्या गॅरेजमागच्या खोलीत आमची रमी बसायची. छगन, मी, कल्याण शेटे आणि आदिनाथ. हरणाऱ्यानं सगळ्यांना वडापाव द्यायचा, एवढाच जुगार. पण चार पानं खाली पडली की कुणाच्या हातात काय आहे ते आदिनाथ सांगायचा, त्यामुळे त्यानं कधी वडापाव दिल्याचं मला आठवत नाही.

कल्याण त्याचा जिवाचा दोस्त. आदिनाथ नेवाशाचा, कल्याण अकोल्याकडच्या डोंगरातला. दोघं एकाच वर्षी कामाला लागले, लग्नं होईपर्यंत एका खोलीत राहिले, एका स्टोव्हवर भात शिजवून खाल्ला.

चार वर्षांपूर्वी कारखान्याची सहल गोव्याला गेली. नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटीवर आम्ही सगळे तासाभरात खिसे रिकामे करून मोकळे झालो. आदिनाथ मात्र ब्लॅकजॅकच्या टेबलामागं नुसता उभा राहिला. एकवीसच्या जवळ जायचं, पण ओलांडायचं नाही, असा तो खेळ. घरी आल्यावर त्यानं पत्त्यांचे सहा जोड आणले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर सहा महिने सराव केला. बारकी पानं निघून गेली, म्हणजे मोठी मागं राहिली. मोठी राहिली की आपण डाव वाढवायचा. हे सगळं मनातल्या मनात मोजायचं. त्याची बायको पूजा म्हणायची, "ह्यांच्या डोस्क्यात आता माझं नावसुदिक राहत न्हाई."

मग तो एकटाच गोव्याला जाऊ लागला. थोडं जिंकायचा आणि उठायचा. पाचव्या खेपेला कोटातल्या एका साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जेवा, राहा, दुसरं काहीही खेळा. हा खेळ मात्र नको." आदिनाथनं आम्हाला हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता, जणू भर सभेत सत्कार झाला. दोन महिन्यांनी त्याच साहेबाचा फोन आला. कॅमेऱ्यांच्या खोलीत बसा, तुमच्यासारखे मोजणारे ओळखून द्या. महिन्यातले दहा दिवस काम, पगार कारखान्याच्या दुप्पट. आदिनाथनं नोकरी सोडली.

छगननं तोंडावरच विचारलं, "म्हंजे आपल्यासारख्यांनाच धरून द्यायचं?"

"धरून कोन देतंय? नुसतं टेबलावरून उठवत्यात."

"जिंकनाऱ्याला उठवायचं आन् हरनाऱ्याला बसवायचं. तू त्यांचा मानूस झाला, आदिनाथ."

त्यानंतर तो खोलीत आला की आम्ही पानं छातीशी धरायचो. मी तर त्याला कॅसिनोचे जावई म्हणायचो. तो हसायचा, पण हळूहळू रविवारचं येणं कमी झालं. त्याची बाजू घ्यायचा तो एकटा कल्याण. "अरे, त्याच्या डोस्क्याची किंमत पयल्यांदा कुनीतरी केली. हितं काय मिळालं त्याला?"

आणि गेल्या वर्षी जानेवारीत कल्याण कुणाला न सांगता गोव्याला गेला. घर बांधायला घेतलेला दोन गुंठ्यांचा प्लॉट त्यानं विकला होता. ते पैसे बरोबर होते. त्याच्या बायकोला, धनश्रीवहिनींना, वाटत होतं, तो मेहुण्याच्या कामाला पुण्याला गेलाय.

पुढचं आम्हाला आदिनाथनंच सांगितलं. त्यानं सांगितलं नसतं तर कुणाला कळलंही नसतं. छगनच्या खोलीत तो दाराजवळ उभा राहिला, बस म्हटलं तरी बसला नाही.

"दुपारची येळ हुती. पडद्यावर कल्याण दिसला. ओठ हलत हुते त्याचे, मोजत हुता. मीच शिकवलं हुतं त्याला, म्हनून लगीच कळलं. साहेबानं ईचारलं, ह्यो मोजतोय का? मी म्हनलो, मोजतोय, पर चुकतोय. बारकी पानं धरतो, मोठी गेली की वजा करायचं इसरतो. साहेब म्हनला, मग खेळू द्या."



"नुसतं 'व्हय, मोजतोय' म्हनला असता," छगन म्हणाला, "तर त्याला उठवला असता."

"व्हय."

"मग?"

"त्यानं ईचारलं, मी जे दिसलं ते सांगितलं. तोंडातून निघूनच गेलं." मग हळू आवाजात म्हणाला, "मागनं खाली जावं वाटलं. पर कामावर असताना खेळनाऱ्याशी बोलायचं न्हाई, आसा नियम हाय. मी नियम पाळला."

कल्याण तिथं दोन दिवस खेळला. प्लॉट गेला.

त्या दिवशी आम्ही आदिनाथला काय काय बोललो ते लिहायला नको. मी त्याला म्हणालो, तुझ्यात आणि त्या कॅमेऱ्यात फरक नाही. तो ऐकून घेत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं कॅसिनोची नोकरी सोडली, पण आमच्या खोलीचं दार त्याला पुन्हा उघडलं नाही.

कल्याण बिऱ्हाड घेऊन अकोल्याला गेला, भंडारदऱ्याच्या रस्त्यावर दुसऱ्याची जीप चालवायला लागला. मे महिन्यात आदिनाथचा मला फोन आला. "बजरंग, माझ्यासंगं चल. एकट्याच्यानं व्हत न्हाई."

आम्ही अकोल्याला पोचलो तेव्हा कल्याण जीपच्या बॉनेटला टेकून उभा होता. वाळला होता. आदिनाथला पाहून तो चिडला नाही, याचीच आम्हाला भीती वाटली. त्यानं तीन चहा सांगितले.

"मला म्हाईत हुतं तू वर बसलाय," तो आदिनाथला म्हणाला. "म्हनून तर बिनघोर खेळत हुतो. वाटायचं, चुकलो तर आदिनाथ उठवील. मी मधीमधी वरसुदिक बघायचो."

"बघितलं मी," आदिनाथ म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. घरी चला, असं कल्याण म्हणाला नाही. प्रवासी भरले, तो जीप घेऊन गेला. चहाचे पैसे त्यानं आधीच दिले होते.

परतताना संगमनेरच्या स्टँडवर एसटीची वाट बघत बसलो होतो. आदिनाथनं विचारलं, "मी खोटं बोलायला पायजे हुतं, न्हाई?"

मी म्हणालो, "व्हय." त्यानं मान हलवली.

आता तो नेवाशाला भावाच्या शेतात असतो. पत्त्याला हात लावत नाही, असं पूजावहिनी सांगतात. अधूनमधून मीच फोन करतो. उचलला की माझी खुशाली विचारायच्या आधी तो म्हणतो, "कल्याणचा फोन आल्ता का तुला?"

अजून आलेला नाही.