मुरमातला तरवड
तरवडाची फुलं खुडताना बोटांना लागणारा तो हिरवा, कडवट वास आला की मी थेट सासरच्या माळावर पोचते. माझं माहेर कोपरगावचं, उसाचं आणि पाटपाण्याचं, सासर कोरडवाहू. लग्नाच्या वर्षी सासूबाई म्हणाल्या, घटाला पहिली माळ तरवडाची आणि ती नव्या सुनेनं करायची. मी हौसेनं पावसाळ्यातच माळावरून एक झाड आणून न्हाणीच्या पाण्यावर लावलं, वर शेणखत घातलं. घटस्थापनेच्या सकाळी बघते तर पानंसुद्धा पिवळी पडून गळालेली! नणंद पोट धरून हसली. "वैनी, ते लाडानं येत न्हाई. चला माळावर!" घट बसायची वेळ होत आलेली, पदर खोचून आम्ही पळत सुटलो. शेळ्यांनी गवत पार कुरतडून टाकलेलं, पायाखाली नुसता मुरूम, आणि त्यात उतारभर तरवड फुललेला, पिवळाधमक! "हे कसं सोडलं शेळ्यांनी?" मी ओरडलेच. "कडू हाय, तोंड लावत न्हाईत. लुटा आता!" पदराचे ओटे भरभरून आम्ही पळत आलो, वाटभर फुलं सांडत. माळ एवढी लांब झाली की सासूबाईंनी ती घटाला दुहेरी घातली. आता संगमनेरला आमच्या फाटकाशी, बांधकामातून उरलेल्या मुरमात तरवड आपला आपणच उगवलाय. रोज मी सगळ्या झाडांना पाणी घालते आणि त्याच्याजवळ आले की पाईप बाजूला वळवते. शेजारणीला वाटतं, माझा त्याच्यावर राग आहे.