पार्सलनं आलेली सवत
चामड्याच्या जुन्या पट्ट्याचा वास आला की मला लातूरचं आमचं भाड्याचं घर आठवतं. हे तेव्हा क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचे आणि घरी आले की मोबाइलवर एका जुन्या, भारीतल्या स्विस घड्याळाच्या लिलावात डोकं घालून बसायचे. झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागव, त्यावरचा नंबर कागदपत्रांशी जुळव, विकणाऱ्याबद्दल आधीच्या गिऱ्हाइकांनी काय लिहिलंय ते वाच. एवढी विचारपूस त्यांनी माझ्या तापाचीही कधी केली नव्हती. शेवटी बोली यांचीच लागली, वेबसाइटच्या तज्ज्ञानं घड्याळ अस्सल असल्याचं सांगितलं आणि एका दुपारी पार्सल आलं. यांनी हात धुऊन, कोरडे करून चामड्याच्या पट्ट्याचं ते घड्याळ अलगद उचललं, तसा माझा जळफळाट झाला. "मुदखेडला मला बघायला आलतात, तवा चहा निवायच्या आत हो म्हणलात," मी म्हणाले, "अन् या सवतीची महिनाभर चौकशी?" "अगं, तिथं फसायची भीती कुठं होती?" हे म्हणाले. वाक्य इतकं गोड होतं की मी विरघळायलाच हवं होतं. पण ते बोलताना यांची नजर घड्याळावरच होती, आणि ते मला अजून सलतं.