नवे डोळे, परके डबे

वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी मी डोळ्यांवर लेझर करून घेतलं, त्याला कारण वरणाची वाफ. गंजावरचं झाकण काढलं की चष्मा पांढरा, आणि चष्मा काढला की अख्खं स्वयंपाकघर गायब! नंबर उणे सात. एवढ्या नंबरात चष्मा शोधायलासुद्धा चष्मा लागतो.

या बेताला घरात एकच विरोधक होता. आमचे हे. जंगल खात्यात नोकरी, त्यामुळे कुठल्याही कापाकापीला यांची आधी हरकत.

"बालाघाटात कोणी केलं काय हे? काहीबाही झालं तर?"

"तर तुमचा चेहरा पाहावा लागणार नाही."

"माझं सोड. पोळ्या कोण करन?"

माझ्याबद्दलची ही काळजी ऐकून मी दुसऱ्याच आठवड्यात नागपूर गाठलं.

ऑपरेशन इतक्या झटपट उरकलं, की घाबरायला नीट वेळच मिळाला नाही. काळा गॉगल चढवून मी जीपमधून अशी घरी परतले, की कॉलनीतल्या पोरांना वाटलं कोणी नटी आली. (जवळ येऊन पाहिल्यावर त्यांची निराशा झाली.) डॉक्टरांचं फर्मान कडक होतं: आठवडाभर डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही, डोळे चोळायचे नाहीत, धूर नको, फोडणी नको. थेंब टाकायचं काम यांच्याकडे. बाटलीवरचं नाव मोठ्यानं वाचणार, आणि माझ्या डोळ्यात थेंब टाकताना स्वतःचं तोंड आ वासणार! दर वेळी!

पण काय सांगू, सकाळी खिडकीतून पाण्याच्या टाकीवरचा कावळा दिसला. चोचीसकट! मी ओरडलेच, "अहो, कावळा कान खाजवून राह्यला!"

"कावळ्याले कान असतात काय?" हे म्हणाले. पण आवाजात आनंद होता.

त्याच आनंदात मी उशाशी पडलेलं वर्तमानपत्र उचललं. सगळी अक्षरं म्हणजे सांडलेली मोहरी! पूर्वी चष्मा काढून कागद नाकाला लावला की कसलंही बारीक वाचता यायचं. आता नाकाला लावला तर मोहरीचंसुद्धा पीठ झालं. म्हणजे लेझरनं दूरचं दिलं आणि जवळचं जाळून टाकलं! पुढे शाळेत वह्या कशा तपासणार? तांदूळ कसे निवडणार? आणि त्याहून वाईट म्हणजे उरलेलं आयुष्य हे "मी म्हटलं होतं" म्हणत राहणार! तेव्हा तोंड बंद ठेवायचं ठरलं.

इकडे कॉलनीनं आमच्या घराचा ताबा घेतला. बोरकरवहिनी पाटवड्यांचा रस्सा पाठवायच्या, समोरच्या तिवारीभाभी गंजभर कढी आणि सुवासिक चिन्नोर तांदळाचा भात, आणि मागच्या मेश्रामबाई मासोळीचं कालवण. "तुमच्या डोळ्याईसाठी तिखट कमी टाकलं, बरं का," असं म्हणायच्या आणि जेवताना यांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या! आम्ही एवढं चांगलं गेल्या कित्येक वर्षांत जेवलो नव्हतो. हे माझ्या स्वयंपाकाबद्दल काय सांगतं, ते मी विचारलं नाही.

चार दिवसांत ओट्यावर भांड्यांचा ढीग झाला. रिकामं भांडं परत करायचं नाही, म्हणून यांच्याकडून चिवडा आणवला आणि भरून घेतला. आता कोणाचं कुठलं? भांड्यांवर बारीक ठिपक्यांनी नावं कोरलेली.

"आण इकडं, मी वाचतो," हे म्हणाले.

"काहून? मला दिसत नाही काय?"

झालं! मी एकेक भांडं हातात घेऊन, गंभीरपणे तळाशी पाहून, साफ अंदाजानं सांगत सुटले. "हा बोरकरांचा. हा तिवारींचा. हा मेश्रामांचा." हे निमूटपणे पोचवून आले. माणूस वाघाचा माग काढतो, पण डब्याखाली पाहत नाही!

संध्याकाळी आधी तिवारीभाभी आल्या. "दीदी, ये डब्बा तो हमारा नहीं है. पर चिवडा अच्छा था."

पाठोपाठ मेश्रामबाई हसतच आल्या. "मॅडम, मासोळी साफ करून बसली मी, अन् पाहतो तर काय, गंज तिवारीबाईचा! यातच शिजवू काय? टाइमावर सांगजा बरं!"

"अरे राम!" शाकाहारी भाभी दचकल्या आणि मग त्याही हसायला लागल्या.

बोरकरवहिनी मात्र हसत नव्हत्या. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "ताई, बाकी काही नाही, माझा तो माहेरचा डबा होता. आईनं दिलेला. तेवढा पाहता काय?"

आता माघार कशी घ्यायची? मी ओट्यावर उरलेला डबा उचलला, तळ डोळ्यांसमोर धरला आणि ठणकावून वाचलं, "हा काय! स्पष्ट लिहिलंय, सौ. मंगला बोरकर."

यांनी माझ्या हातातून डबा घेतला.

"यावर लिहून आहे, 'कर्मचारी क्रीडा स्पर्धा, संगीत खुर्ची, दुसरा क्रमांक.' हा माझा डबा आहे."

माझा बांध फुटला. "मले जवळचं काहीच दिसून नाही राह्यलं हो! डोळे गेले माझे!" आणि मनासारखं रडायचीही सोय नाही! बोरकरवहिनी स्वतःचा डबा विसरून मला धरून बसल्या, "रडू नका ताई, टाके उसवतील." (लेझरला टाके नसतात. पण त्या वेळी मलाही ते पटलं.)

आणि हे? "मी म्हटलं होतं" एकदाही नाही! चेहरा पांढराफटक. फोनकडे धावताना स्टुलाला अडखळले, नागपूरचा नंबर दोनदा चुकवला, आणि शेवटी रिसीव्हर माझ्या कानाला लावून स्वतःचं तोंड आ वासून उभे राहिले.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "बाई, ही चाळिशी आहे. दूरचा नंबर गेला, आता जवळच्या वाचनाला चष्मा लागेल. मी तुम्हाला समोर बसवून हे समजावलं होतं. तुम्ही म्हणालात, ते सोडा डॉक्टर, पोळ्या कधीपासून लाटता येतील?"

यांना सांगितलं तेव्हा हे खुर्चीत बसलेच. म्हणाले, "पोळ्या राहू दे. तू बरी आहेस ना, बस."

वहिनींचा माहेरचा डबा तिवारीभाभींच्या घरी सुखरूप निघाला. भाभींनी तो खीर भरून त्यांना दिला. माझा चष्माही दोन दिवसांत तयार होऊन आला. पण तोवर कॉलनीभर झालं होतं की ताईंना अजून नीट दिसत नाही, आणि भांडी दुपटीनं यायला लागली होती. या बायकांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही. म्हणून निदान त्यांचं मन मोडायचं नाही, असं ठरवलं.

"चष्मा आला ना? मग लाव की," यांनी ताटावर बसता बसता विचारलं.

"हळू बोला," मी म्हटलं. "आधी मेश्रामबाईंची मासोळी येऊ द्या."