सानिकाच्या नावावरचं माझं पळणं

"हात पुढे कर," सर म्हणाले.

मी केला. मैदानात पंधरा-वीस मुलंमुली उभी. सरांनी सानिकाच्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि माझ्या मनगटावर बांधलं. पट्टा अजून गरम, तिच्या क्रीमचा वास असलेला. तिच्या भोकापासून तीन भोकं आत जाऊन बसला. सर हसले.

"मनगट हाय का काडी? आठ किलोमीटर. समुद्राच्या रस्त्यानं. जोरात पळायचं. आल्यावर हे बटण दाबायचं आणि घड्याळ सानिकाला द्यायचं. पुसून द्यायचं. घाम लागतो."

मुलं हसली. मीही हसले. आज त्या हसण्याची सगळ्यात जास्त लाज वाटते.

सर म्हणजे आमच्या कॉलेजचे क्रीडाशिक्षक. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर बाकीची कॉलेजं म्हणतील, चला, आपल्याकडे असलं काही नाही. सर मला नावाने हाक मारत नसत. मी म्हसळ्याच्या अलीकडच्या वाडीतून एष्टीने यायचे, म्हणून मी 'म्हसळा एष्टी'. सानिका मात्र सानिका.

सानिका बोर्ली पंचतनची. लांब पल्ल्याची धावपटू, कॉलेजच्या फाटकावर फोटोचा बॅनर. वडिलांचे डंपर माणगावच्या हायवेवर चालतात, किनाऱ्याला रिसॉर्ट आहे, आणि आमच्या कॉलेजच्या संस्थेत ते पदाधिकारी. सगळे त्यांना शेठ म्हणतात. प्राचार्यसुद्धा.

आणि हे आधीच सांगते: सानिका चांगली पळते. तिला लहान करून मला मोठं व्हायचं नाही. तिची टाच जमिनीला लागते न लागते तोच उचललेली असते. मला माहीत आहे, कारण दोन वर्षं मी तिच्या मागून पळाले. पाच हजार मीटरला ती पहिली, मी दुसरी. पण गेल्या वर्षीच्या स्पर्धेत शेवटच्या दोन फेऱ्यांत मी जवळ येत होते. तिने वळून बघितलं. पहिल्यांदाच.

मला तिचा हेवा वाटायचा. पत्रकात असं लिहीत नाहीत. पत्रकात आम्ही विषमता लिहितो, संधीची समानता लिहितो. कॉलेजातल्या आमच्या विद्यार्थी संघटनेची पत्रकं मीच लिहिते, त्यामुळे ते शब्द मला झोपेतही येतात. पण हे पत्रक नाही. इथे खरा शब्द लिहिते. हेवा.

तिच्या बुटांचा हेवा. तिच्या डब्यातल्या उकडलेल्या अंड्यांचा. आणि सगळ्यात जास्त, तिच्या दुखण्याचा. त्या पावसाळ्यानंतर तिच्या घोट्यामागची शीर दुखावली. मुंबईच्या डॉक्टरला दाखवलं. सहा आठवडे पळायचं नाही, असं त्याने लिहून दिलं. रोज बर्फाची पिशवी, रोज मालीश, खुर्चीवर पाय वर. आमच्याकडे पाय दुखला की खोबरेल चोळायचं आणि लावणीला चिखलात उभं राहायचं. पाय थांबवणं हासुद्धा खेळाडू घडवण्याचा भाग असतो, हे मला तिचा बर्फ बघून कळलं. मला तो बर्फ हवा होता. दुखत नसताना हवा होता.

आता मूळ गोष्ट. पुण्याकडे एक निवासी प्रशिक्षण केंद्र आहे. वसतिगृह, जेवण, डॉक्टर, खरा ट्रॅक. तिथे निवड झाली की पुढचे रस्ते उघडतात. राष्ट्रीय स्पर्धा, खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. मलाही तिथे जायचं होतं. केंद्राने कळवलं होतं, सहा आठवड्यांचा सराव बघू, मग चाचणीला बोलावू. सर म्हणाले, कॉलेजातून एकच नाव जातं. गेलं. कुणाचं, ते सांगायला नको.

मग माझ्या हातावर ते घड्याळ का? मी विचारलं होतं.

"तपासायचंय नीट चालतंय का," सर म्हणाले. "तुला पळायला मिळतंय ना? मग."

मी तीन आठवडे पळाले. आणि खरं सांगते, खूश होते. पहिल्यांदा कुणीतरी मला जोरात पळ म्हणत होतं. पहिल्यांदा मनगटावर माझा वेग दिसत होता, छातीचे ठोके दिसत होते. घरी आईला सांगितलं. आई भाताच्या शेताकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

"घड्याळ कुनाचं म्हनलंस?"

"सानिकाचं."

"दुसऱ्याचं पायताण घालू न्हाय, बाय. त्याची पीडा आपल्या मागं येते. घड्याळाचं मला म्हाईत न्हाय."

पीडा आली नाही. उलटं झालं. माझं होतं ते तिकडे गेलं.

ते मला एका दुपारी कळलं. मैदानाच्या कडेला सानिका बाकावर बसली होती, पाय वर, घोट्यावर बर्फ. दोन मैत्रिणींना फोन दाखवत होती. मी घड्याळ पुसून द्यायला गेले. फोनवर नकाशा होता. नकाशावर लाल रेघ. समुद्राचा रस्ता, ओढ्यावरच्या साकवापाशी वळण, परत. काल मी पळाले तीच. वर सानिकाचा फोटो, सानिकाचं नाव. खाली पुण्याच्या प्रशिक्षक मॅडमचा संदेश: 'शाब्बास सानिका. शेवटचे दोन किलोमीटर सुंदर. अशीच पळत राहा.'

सुंदर. माझ्या पळण्याला आयुष्यात कुणी सुंदर म्हटलं नव्हतं. म्हटलं तेव्हा ते तिला म्हटलं.

ते घड्याळ तिच्या फोनजवळ आलं की आतलं सगळं आपोआप फोनमध्ये जायचं आणि फोनमधून थेट पुण्याला. पाय तिचा खुर्चीवर, पळणं माझं, नाव तिचं. मला माझ्याच पळण्याचा हेवा वाटला. असा हेवा कुणाला वाटला असेल तर त्याने मला सांगावं.

मी म्हटलं, "हे माझं आहे."

"अगं हो ना, तुझंच आहे. थँक्यू हां." सानिकाने फोन उलटा ठेवला. चेहऱ्यावर लाज नाही, राग नाही. "तीन आठवडेच आहेत यार. पाय बरा झाला की मीच पळणारे. सर बोलले, गॅप दिसला तर ते लोक घेत नाहीत."

"आणि मी?"

तिला खरंच प्रश्न कळला नाही. ती म्हणाली, "तुला तसंही कुठे जायचंय? घरीच ना."

तिने हे दुष्टपणाने म्हटलं असतं तर मी भांडले असते. ती सहज म्हणाली. एष्टीची वेळ विचारावी तसं.

मी सरांकडे गेले. सर शिट्टी बोटाभोवती फिरवत होते. म्हणाले, "हे बघ एष्टी, सानिका गेली तर कॉलेजचं नाव होतं. तू गेलीस तर काय होतं?"

पत्रकांची इतकी वाक्यं पाठ, एक आलं नाही.

शनिवारी पुन्हा हात पुढे केला. पुन्हा पट्टा, पुन्हा तीन भोकं आत. मी फाटकातून बाहेर पडले. समुद्राचा रस्ता डावीकडे. मी उजवीकडे वळले.

घरीच ना? बरं. घरी.

आमची वाडी तिथून बारा किलोमीटर. निम्मा रस्ता चढाचा. एष्टीत बसून तो चढ किती आहे हे कधी कळलं नव्हतं. पहिल्या वळणावर धाप लागली. काजूच्या बागेपाशी बरगडीखाली कळ. एक डंपर धूळ उडवत गेला, त्यावर कुणाचं नाव होतं ते बघायला मी मान वळवली नाही. घड्याळ मनगटावर थरथरून सांगत होतं, हळू हो. मी झाले नाही. त्या दिवशी मी तिच्या टाचेमागे पळत नव्हते. पुढे कुणीच नव्हतं.

वाडीत शिरले ती थेट खळ्यावर. झोडणी चालली होती. आईने मला घामाने निथळताना बघितलं आणि भाताची पेंढी हातात दिली. मी घड्याळ बंद केलं नाही. दोन तास भात झोडलं. मनगटावरचे आकडे पळत होते. मग विहिरीवर गेले, दोन हंडे आणले, उंबऱ्यात उभी राहिले आणि बटण दाबलं.

सोमवारी घड्याळ सानिकाला परत दिलं. पुसलं नाही. पट्ट्यात भाताचं कुसळ अडकलं होतं. तिने फोन उघडून बघायच्या आत सगळं पुण्याला पोचलेलं होतं. कॉलेजच्या फाटकापासून आमच्या वाडीपर्यंत लाल रेघ. त्यानंतर खळ्यावर गोल गोल लाल गुंता. मॅडमचा संदेश आला: 'सानिका, हा चढ या वेगाने? कुठे आहे हे गाव? आणि शेवटचे दोन तास काय केलंस?'

सानिकाने भात झोडलं, मॅडम. जन्मात पहिल्यांदा.

दुपारी मला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य, सर आणि शेठ. शेठनी मला खुर्ची दिली. तिथे तेवढे तेच प्रेमाने बोलले.

"बाळा, घड्याळाचं काय नाय. दुसरं येईल. पण न विचारता घरी न्यायचं? ह्याला काय म्हणतात?"

"चोरी म्हणतात," सर म्हणाले. समोर कोरा कागद ठेवला. "माफीनामा लिही."

पेन माझ्या हातात होतं. एरवी मी कागद दिसला की लिहिते. मी पेन खाली ठेवलं.

"घड्याळ परत दिलं," मी म्हटलं. "माझं पळणं परत द्या."

प्राचार्य छताच्या पंख्याकडे बघू लागले. शेठ हसले नाहीत. सरांनी कागद ओढून घेतला आणि त्याच कागदावर माझं नाव लिहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, पूर्ण नाव. संघातून कमी, असं पुढे लिहिलं.

पुढे काय झालं ते गोड नाही. सरांनी पुण्याला कळवलं, घड्याळ बिघडलं होतं. केंद्राने ते मानलं की नाही माहीत नाही. पण सानिकाचा पाय बरा झाल्यावर त्यांनी तिला समोर पळवून बघितलं. आणि ती पास झाली. स्वतःच्या पायांनी. आज ती तिथे आहे.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच. ती नापास झाली असती तर मी सुखाने झोपले असते. ती पास झाली, आणि मी तिच्याबरोबर त्या ट्रॅकवर उभीच नव्हते. मी पुढे गेले असते का? माहीत नाही. शेवटच्या दोन फेऱ्यांत तिने पुन्हा वळून बघितलं असतं का? माहीत नाही. त्यांनी जे नेलं ते हे. जागा नव्हे. जागा कदाचित तिचीच असेल. कळण्याची संधी नेली.

मैत्रिणी सांगतात, सोड आता, हेवा बरा नाही. मी सोडणार नाही. हा हेवा मी रोज सकाळी पायात घालून चढावर नेते. आमच्या वाडीतल्या आणखी चार जणी येतात. वेळ आम्ही मोबाइलवर लावतो आणि शाळेच्या भिंतीवर कोळशाने लिहितो, नावासकट, दिसेल अशी. मास्तर पुसतात. आम्ही पुन्हा लिहितो.

आणि संघटनेच्या वतीने कॉलेजला आमची एकच मागणी आहे: निवड चाचणी मैदानात, सगळ्यांसमोर, येईल तिला पळू द्यायचं, आणि वेळ त्याच दिवशी फळ्यावर. अर्ज तीनदा दिला. तीनदा 'विचाराधीन' आलं.

केंद्राची पुढची चाचणी जाहीर झाली आहे. आमचं नाव कुणी पाठवणार नाही. आम्ही पाच जणी जाणार आहोत. आत घेतलं तर ट्रॅकवर पळू. नाही घेतलं तर फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पळू, तिथेच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, आणि वेळ फाटकाच्या भिंतीवर लिहू. कोळसा बरोबर घेतला आहे.