भिंत छतापर्यंत नेली तेव्हा

उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्या लांबलचक लष्करी बराकीत भागीरथीबाईंचं घर आणि ईश्वरीचं घर यांच्यामध्ये एक भिंत होती, पण ती छतापर्यंत गेलीच नव्हती. सैनिक गेले, निर्वासित आले, तेव्हा एकेका दालनात घाईघाईने अर्ध्या भिंती घातल्या. वर हातभर मोकळी जागा राहिली ती राहिलीच. त्या फटीतून हिंगाचा वास यायचा, पलीकडच्या सुनेची तक्रार यायची, आणि रोज दुपारी जेवणं उरकली की ईश्वरीचा आवाज यायचा.

"भागी, सो गई क्या?"

"झोपू देशील तर ना!"

तीस वर्षं दोघी अशाच बोलल्या, आपापल्या खाटेवर पडून, छताकडे बघत. एकमेकींच्या घरी जायच्या त्या फक्त सणाला.

मग भागीरथीबाईंनी घर वाढवायला काढलं. नवरा गेला, शाळेतली नोकरी संपली, मुलगा राजरत्न बायको आणि लहानग्या चिनूला घेऊन बदलापूरला. सून स्वप्नाली एकदाच म्हणाली होती, "आई, पलीकडचं खोकलणंसुद्धा ऐकू येतं. इथे राहायचं कसं?" झालं! बाईंच्या डोक्यात बसलं, की भिंत पूर्ण केली आणि वर एक खोली चढवली की पोरं येतील. कुणी तसं कबूल केलं नव्हतं. बाईंनी विचारलंही नाही. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, हीच तर भीती.

ईश्वरीने भिंतीला हरकत घेतली नाही. "बांध ना, तेरा घर है." नेहमीपेक्षा जरा लवकर म्हणाली, एवढंच.

कौलं उतरली, नवा स्लॅब ओतला गेला, सुदाम गवंड्याने भिंत वर टेकवून गुळगुळीत प्लास्टर केलं. राजरत्न आणि स्वप्नाली बघायला आले. वरच्या खोलीत उभं राहून सून म्हणाली, "मस्त झालंय हो आई!" राजरत्न खिडकीशी गेला. "आई, चिनूची शाळा तिकडे आहे. शनिवार-रविवार येत जाऊ की." चहा पिऊन गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी भागीरथीबाई खाटेवर पडल्या आणि सवयीने म्हणाल्या, "ऐकलंस का गं, ईश्वरी?"

काही नाही. पंख्याची घरघर.

रुसली असेल, मेली. रुसू दे. आपण का जायचं? आठवडा गेला. शेवटी बाईंनी खलबत्त्यातला बत्ता घेऊन भिंतीवर ठोकलं. पलीकडूनही ठोकलं गेलं, लगेच, जणू कुणी हात उगारूनच बसलं होतं. शब्द मात्र एक कळेना.

त्यांनी सुदामला फोन लावला.

"बाई, आत्ताच तर प्लास्टर वाळलंय!"

"तुला मत विचारलंय का? वरच्या विटा काढ."

विटा निघाल्या, माती पडली, हिंगाचा वास आला.

"इतने दिन मुंह फुलाके बैठी थी?" ईश्वरी.

"मी? फुगून तू बसली होतीस!"

दोघी हसल्या. मग ईश्वरीने विचारलं, "राजू कब आ रहा है?"

"शनिवारी."

पुढच्या आठवड्यातही बाई म्हणाल्या, शनिवारी. त्यानंतर ईश्वरीने विचारणं सोडलं. वरच्या खोलीत कुणी चाललं असतं तर तिलाही ऐकू आलं असतं.